विष खरं हवं



संयोजकांनी मला "कॉम्प्युटर सोडून कशावरही बोल" असं बजावलं आहे. म्हणून सध्या माझे रविवार ज्यात जातात त्यावर बोलते. मी एक रहस्यकादंबरी लिहिते आहे. सकाळी चहाच्या वेळी एकजण म्हणाला, "सोपंय की, सगळं खोटंच तर लिहायचं!" त्याला हे उत्तर.

रहस्यकथेत खून खोटा असतो, म्हणूनच बाकीचं खरं असावं लागतं. वाचक लेखकाशी डाव मांडून बसलेला असतो. दिलेल्या धाग्यांवरून खुनी ओळखायचा, हा तो डाव. धागाच खोटा निघाला तर तो पुस्तक मिटतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

अगाथा ख्रिस्ती यांचं उदाहरण घ्या. पहिल्या महायुद्धात टॉर्की इथल्या रुग्णालयात त्या औषधं तयार करून देण्याचं काम करत. त्याची परीक्षाही त्यांनी दिली होती. १९२० साली त्यांची पहिली कादंबरी आली. तिच्यात स्ट्रिक्निन असलेल्या टॉनिकच्या बाटलीत ब्रोमाइडची पूड पडते. स्ट्रिक्निनचा साका तळाशी बसतो आणि शेवटचा डोस जीवघेणा ठरतो. खुनी कोण, ते सांगत नाही! पण आपल्या प्रयोगशाळेत मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावर पांढरा साका बसायचा, तो आठवा. तोच 'अवक्षेप'. फक्त गुण मिळवण्यापुरता नव्हता तो. औषधशास्त्राच्या नियतकालिकानेही या कादंबरीची वाखाणणी केली.

पुढे १९६१ च्या 'द पेल हॉर्स'मध्ये त्यांनी थॅलियमची विषबाधा वर्णन केली. त्यात केस गळतात. १९७७ साली कतारहून एका तान्ह्या मुलीला लंडनच्या रुग्णालयात आणलं. डॉक्टरांना निदान होईना. तिथली एक परिचारिका तेव्हा हीच कादंबरी वाचत होती. मुलीचे केस गळताना पाहून तिने थॅलियमची शंका काढली. तपासणीत ती खरी ठरली आणि मुलगी वाचली. लेखिकेला जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. तिने लक्षणं मनाने रचली असती, तर?

आता आपल्याकडे येऊ. आपल्या कितीतरी रहस्यकथा-सिनेमांत शेवटी खुनी इन्स्पेक्टरसमोर घडाघडा कबुली देतो आणि गोष्ट संपते. कोर्टात मात्र पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूशी संबंधित तेवढाच भाग ग्राह्य धरतात.

हे वाचल्यावर वाटेल, लेखकाचे हात बांधले गेले. मला उलट वाटलं. माझ्या इन्स्पेक्टरला खुनी कोण हे कळलं आहे, पण कोयता सापडल्याशिवाय ते सिद्ध होत नाही. अख्खा उत्तरार्ध या एका अडचणीतून उभा राहिला. खरी माहिती गोष्टीला अडवते आणि नेमकी तिथूनच ती पुढे सरकते. शिवाय निष्पापाकडून कबुली उकळली जाऊ नये, म्हणून तो नियम आहे. त्याची आठवण वाचकाला राहिली तर वाईट काय?

तेव्हा वर्गातल्या डॉक्टर, वकील आणि औषध दुकानदार मंडळींना आगाऊ सूचना. रात्री माझा फोन आला आणि मी "अमुक विष किती वेळात भिनतं?" असं विचारलं, तर घाबरू नका. घरी सगळे सुखरूप असतील. फक्त उत्तर अचूक द्या.