दुखणें हातांत, मूळ मानेंत



मनगट दुखूं लागलें कीं मनुष्य मनगटाला मलम चोळतो, पट्टा बांधतो, ऊन पाण्याचा शेक घेतो. जेथें कळ येते तेथेंच हात जाणें स्वाभाविक आहे. परंतु आपल्या शरीराची रचना अशी आहे कीं, हाताचीं व मनगटाचीं कित्येक दुखणीं कोपरांत, खांद्यांत किंवा थेट मानेंत उगम पावतात. आणि तसें असेल तर मनगटावरचे सारे उपचार म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं असा प्रकार होतो. मी वैद्य नव्हें. तज्ज्ञांनीं जें सांगितलें आहे, तें सोप्या शब्दांत आपल्यापुढें मांडणें एवढेंच माझें आजचें काम.

प्रथम असा एक पुरावा देतों कीं, ज्याला पुस्तकाची गरज नाहीं. बांकाच्या कडेवर ज्याचें कोपर कधींच आपटलें नाहीं असा विद्यार्थी मिळणें कठीण. आघात होतो कोपराच्या आंतल्या अंगास, आणि झिणझिण्या उठतात करंगळींत! करंगळीला कांहींच झालेलें नसतें. तिची वार्ता मेंदूकडे नेणारा मज्जातंतु कोपरामागील खोबणींतून अगदीं कातडीखालून जातो. त्याला धक्का बसला कीं मेंदूची समजूत होते, करंगळीच दुखावली. हा क्षणाचा धक्का पुढें महिनोन्महिने चालणाऱ्या दाबाच्या रूपानें आला, म्हणजे तेंच दुखणें होऊन बसतें. कोपर दुमडून तास तास दूरध्वनि कानाशीं धरणाऱ्यांस करंगळींत व अनामिकेंत मुंग्या येतात, त्या याच जागेमुळें.

आतां या तंतूच्या मागोमाग वर जाऊं. मानेंत सात मणके असतात आणि तेथें मज्जारज्जूपासून तंतूंच्या आठ जोड्या निघतात. त्यांतील खालच्या चार आणि पाठीच्या वरच्या भागांतील पहिली, अशा पांच जोड्यांचे तंतु आपापल्या बाजूस गळ्याच्या बुडाशीं एकमेकांत गुंफले जातात. ही गुंफण मानेच्या स्नायूंमधून, पहिल्या बरगडीवरून, गळपट्टीच्या हाडाखालून काखेंत उतरते आणि तेथून तिच्या शाखा बोटांच्या टोकांपर्यंत पोंचतात. शेवटच्या वाफ्यांत पाणी पोंचेनासें झालें, तर शहाणा शेतकरी वाफा खणीत बसत नाहीं. दांडाच्या कडेकडेनें तो पाटापर्यंत चालत जातो आणि कोठें फुटलें आहे, कोठें तुंबलें आहे, तें पाहतो. हाताच्या दुखण्याची तपासणी अशीच व्हावी लागते.

स्नायूंची गोष्टहि तशीच आहे. आपण ऐकतच आहां, तर डाव्या हातानें उजव्या हाताचा कोपराखालचा मांसल भाग हलकेच धरावा आणि उजव्या हाताचीं बोटें मिटावीं, उघडावीं. हालचाल कोठें जाणवते? बोटें मिटणारे मुख्य स्नायु पंजांत नाहींत, ते तेथें आहेत. बोटांकडे येतात त्या नुसत्या त्यांच्या दोऱ्या. म्हणून धुणें पिळून, पोळ्या लाटून किंवा टंकलेखन करून ते स्नायु शिणले, तर ठणका मनगटांतहि जाणवतो. शिवाय खांदा स्थिर नसेल, तर त्याची उणीव भरून काढण्याचा भार मनगटावर पडतो. फळ्यावर उंच लिहितांना खांदा थकला कीं खडूवरची पकड आपोआप घट्ट होते, हें प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. पाडुआ येथील वैद्य रामात्सिनी यांनीं १७१३ सालीं लेखनिकांच्या रोगांविषयीं लिहितांना सततची बैठक, हाताची एकाच प्रकारची हालचाल आणि मनावरचा ताण अशीं तीन कारणें दिलीं होतीं. केवळ लेखणीला दोष देऊन ते थांबले नाहींत, हें मला फार महत्त्वाचें वाटतें.

मग मनगटाचें दुखणें आणि मानेचें दुखणें ओळखावें कसें? मनगटाच्या पुढच्या बाजूस एक अरुंद बोगदा आहे. त्यांतून नऊ दोऱ्या व एक मज्जातंतु जातो. तेथें तो तंतु दाबला गेला तर आंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अर्धी अनामिका बधिर होते, करंगळी सुटते. असा रोगी बहुधा रात्रीं जागा होतो, हात झटकतो आणि त्याला बरें वाटतें. मानेंतून आलेल्या कळेची चाल निराळी. मान मागें करून दुखऱ्या बाजूस कलवली कीं ती वाढते, दंडांतून खालीं धांवते. हात उचलून डोक्यावर ठेवला तर पुष्कळदां उतरते. सहाव्या मुळाची कळ आंगठ्याकडे, सातव्याची मध्यमेकडे व आठव्याची करंगळीकडे जाते. प्रत्यक्षांत या सीमा इतक्या स्वच्छ नसतात, म्हणून तंतूंतून विद्युत्प्रवाह किती वेगानें जातो हें मोजण्याची चाचणी करावी लागते.

दोन्ही ठिकाणीं एकदमच दाब असेल तर? १९७३ सालीं अप्टन व मॅकोमस या दोन डॉक्टरांनीं मनगटाशीं किंवा कोपराशीं तंतु दाबला गेलेले ११५ रोगी तपासले. त्यांपैकीं ८१ जणांत मानेकडील मुळांतहि बिघाडाचीं चिन्हें सांपडलीं. वर एकदां दाबलेला तंतु खालीं थोड्याशा दाबानेंहि कुरकुरूं लागतो, असा तर्क त्यांनीं मांडला. या तर्काविषयीं तज्ज्ञांत अजून एकमत नाहीं. परंतु मनगटाची शस्त्रक्रिया होऊनहि ज्याच्या मुंग्या गेल्या नाहींत, त्याची मान पाहिली होती काय, हा प्रश्न त्यामुळें विचारला जाऊं लागला.

याची उलट बाजूहि सांगितली पाहिजे. साठीच्या पुढें बहुतेकांच्या मानेच्या क्ष-किरण चित्रांत झीज दिसतेच, कसलीहि वेदना नसणाऱ्यांच्यासुद्धां. तेव्हां नुसतें चित्र पाहून हाताच्या दुखण्याचा ठपका मानेवर ठेवूं नये. मधुमेह आणि कंठग्रंथीचा विकार यांनींहि हातांना मुंग्या येतात.

मानेच्या मुळाची वेदना बहुतेक रोग्यांत कांहीं आठवड्यांत वा महिन्यांत शस्त्रक्रियेवांचून ओसरते. तोंवर मान फार वांकवून मोबाईल पाहणें टाळावें, उशी बेताची घ्यावी, अर्ध्या तासानें उठून खांदे फिरवावे. केशकर्तनालयांत मात्र मान कडकन् मोडून घेऊं नये. लोकांना त्यांत मोठी गंमत वाटते, पण मेंदूस रक्त नेणाऱ्या दोन रोहिणी त्याच मणक्यांतून जातात. त्या झटक्यानें त्यांना इजा होऊं शकते.

कांहीं लक्षणांत एक दिवसहि वाट पाहूं नये. सदऱ्याची गुंडी लावतां येईनाशी होणें, हातांतून भांडें निसटणें, चालतांना पाय अडखळणें, लघवीवरचा ताबा सुटणें, यांचा अर्थ मज्जारज्जूवरच दाब येत असावा. आणि डाव्या हातांतील कळेबरोबर छातींत दडपण, घाम वा धाप असेल, तर मानेचा विचार बाजूस ठेवून प्रथम हृदयाची तपासणी करून घ्यावी. एरव्हीं डॉक्टरांकडे जातांना एका कागदावर तीन गोष्टी लिहून न्याव्या: कोणतें बोट, कोणती वेळ, कोणती बैठक. तेवढ्यावरून त्यांचें अर्धें काम होतें.