भेकराच्या मागावर पहिल्यांदा
(पवनानगर येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



विषय ठरवायला घरी आलेल्या तरुणांनी मला सरळ सांगितलं, ‘आमच्या आजोबा-पणजोबांनी भेकराच्या शिकारी केल्या, त्या गोष्टी ऐकत आम्ही मोठे झालो. पहिल्यांदा शिकारीला निघणाऱ्या माणसाने काय शिकून जावं, त्यावर बोला.’ हा प्रश्न मला मनापासून आवडला. तो टाळून पर्यावरणावर एक सामान्य भाषण देणं मला पटलं नाही. म्हणून आज मी पहिल्या शिकारीबद्दलच बोलणार आहे. फक्त तिच्यात बंदूक नाही, फासा नाही आणि कुत्राही नाही.

कायद्याचं आधी सांगून टाकतो. १९५१च्या मुंबई राज्याच्या कायद्यात परवाना काढून, ठरावीक हंगामात शिकार करता येत होती. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ते दिवस संपत आले; १९९१च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही बंद झाली. आपलं पवना धरण त्याच सुमाराचं. या दरीतल्या वडीलधाऱ्यांनी जमीन पाण्याखाली जाताना पाहिली, त्याच काळात शिकारीवरही कायद्याचा लगाम बसला. या कायद्यातली शिकारीची व्याख्या नीट वाचावी अशी आहे. जनावर मारणं तर तिच्यात आहेच. पण पकडणं, फासा लावणं, हाकून काढणं, आमिष ठेवणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीतच धरलं आहे. म्हणजे शिमग्याच्या दिवसांत दहा जणांनी काठ्या घेऊन रान हाकलं आणि हाती काही लागलं नाही, तरी गुन्हा झाला. मटण शिजवणारा आणि वाटा घेणारासुद्धा त्यात सापडतो. रानडुकराने पीक नासलं तर परवानगीची वेगळी पद्धत आहे. तिच्या आडून भेकर मारता येत नाही.

आता मूळ विषयाकडे येतो. शिकारीची गोष्ट सांगताना आपण नेम धरणाऱ्याचं नाव घेतो. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मृगयेचा सविस्तर विचार आहे. पण राजा असो, संस्थानिक असो की इंग्रज साहेब, हाक्याच्या शिकारीत मचाणावर बसलेल्या माणसाला जंगल कळायची गरजच नव्हती. जनावर कुठे बसलं असेल, उठलं तर कुठल्या खिंडीने निघेल, वारा कुठला आहे, हे सगळं हाकाऱ्यांना माहीत असायचं. आपल्या भागात हे जाणणारे कातकरी, ठाकर, महादेव कोळी होते, धनगर होते. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या हातात बंदूक नव्हती. शिकारीच्या पुस्तकांत त्यांची नावंही फारशी आली नाहीत. मला आज ठासून सांगायचं आहे ते एवढंच, की शिकारीतलं शिकण्यासारखं जे काही होतं ते बंदुकीजवळ कधीच नव्हतं. बंदूक बाजूला काढली म्हणून त्यातलं काही उणं होत नाही.

ज्यांनी बंदूक खाली ठेवली त्यांनीही हे दाखवून दिलं आहे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १८८३ साली निघाली तेव्हा तिच्या सभासदांत शिकारी पुष्कळ होते. सलीम अलींना पक्ष्यांची ओढ लागली ती लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीमुळे. आपले व्यंकटेश माडगूळकर शिकारीला जात. पुढे त्यांनी वही, पेन्सिल आणि दुर्बीण घेतली आणि नागझिऱ्याच्या जंगलात जाऊन राहिले. त्यांचं ‘नागझिरा’ आपल्या ग्रंथालयात असेल, नसेल तर आणून ठेवा.

आता कुणाच्या मागावर जायचं ते पाहू. ठिपक्यांचं चितळ पाहायचं असेल तर ताडोबा, पेंच गाठावं. आपल्या रानातलं जनावर भेकर. खांद्यापाशी जेमतेम दोन फूट उंच, वजनाला वीस-पंचवीस किलो, रंग तांबूस तपकिरी, आणि बहुधा एकटं. नराला आखूड शिंगं असतात आणि ती केसाळ खुंटांवर उगवतात. त्या खुंटांच्या काळसर रेघा कपाळावरून खाली उतरतात. नराचे वरचे सुळे ओठाबाहेर डोकावतात. सांबर घाटमाथ्याच्या दाट रानातलं. त्याचा नर अडीच-तीनशे किलोपर्यंत भरतो, तरी दाट कारवीत तो असा नाहीसा होतो की इतकं मोठं जनावर गेलं कुठे, तेच कळत नाही. तिसरी पिसोरी. ती हरणाच्या कुळातलीच नाही. तिला शिंगं नसतात, वजन तीन किलोच्या आसपास, आणि ती रात्रीची फिरते. पहिल्याच वेळी पिसोरीची आशा धरू नका.

नवशिक्याला सगळ्यात आधी वारा शिकावा लागतो. भेकराचं नाक तुमच्या डोळ्यांच्या किती तरी पुढे आहे. वारा तुमच्याकडून त्याच्याकडे जात असेल तर तुम्ही कितीही दबकत चाला, ते तुमच्या आधी उठून गेलेलं असेल. आपल्या दरीत वाऱ्याचं वेळापत्रक आहे. रात्री डोंगर निवतो आणि पहाटे गार हवा तुंग-तिकोन्याच्या उतारांवरून खाली पाण्याकडे सरकते. ऊन चढलं, कातळ तापला की हीच हवा उताराने वर जाऊ लागते. उन्हाळ्यात दुपारनंतर कोकणातून घाट चढून पश्चिमेचा वारा येतो आणि खिंडीत घोंघावतो. म्हणून पहाटे जायचं असेल तर खालून वर चढा, म्हणजे वारा तोंडावर राहील. ऊन वर आल्यावर तीच वाट उलटी धरावी लागते. मधला तासभर हवा कुठेच ठरत नाही. तेव्हा एका जागी बसून राहावं. जुने जाणते कापडाच्या पुरचुंडीत चुलीची राख ठेवत आणि मधून मधून झटकत. राख जिकडे जाते तिकडे तुमचा वास जातो. ही पुरचुंडी आजही करा, तिला पैसा लागत नाही. त्या दिवशी अंगाला अत्तर नको, तंबाखू नको, बिडी तर मुळीच नको.

वाऱ्यानंतर कपडे. लोक हिरव्या ठिपक्यांचे महागडे कपडे विकत घेतात. हरणाला लाल आणि नारिंगी रंग आपल्यासारखे वेगळे दिसत नाहीत, निळा मात्र चांगला दिसतो. म्हणून नीळ घालून धुतलेला पांढरा सदरा रानात सगळ्यात वाईट. जुना, मळकट, न कुरकुरणारा कपडा घाला. रंगापेक्षाही हरणाला हालचाल आधी कळते. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे ते जवळजवळ सगळीकडे पाहत असतं. हात नाकाकडे नेलात तर त्याला दिसतो.

मग माग. पाणवठ्याच्या ओल्या मातीत खुरांचे ठसे पाहायला बसा. इथे मावळात नवशिक्याची मोठी अडचण शेळी आहे. भेकराचा ठसा लहान, जेमतेम दोन बोटं लांब आणि पुढे निमुळता. शेळीचा ठसा पुढून बोथट असतो आणि शेळी एकटी येत नाही, तिच्याबरोबर वीस जणींचे ठसे असतात. रानडुकराच्या ठशात मागच्या दोन छोट्या खुरांचे ठिपके मऊ मातीत उठतात. ठसा ताजा की शिळा, ते कडांवरून कळतं. कडा धारदार असल्या तर सकाळचा. कडा ढासळल्या असतील, आत काडी-पान पडलं असेल किंवा मुंगीने वाट केली असेल तर कालचा. लेंड्या ओलसर चकचकीत आहेत का ते पाहा. सांबराचं लोळण, झाडाच्या सालीवर शिंग घासल्याच्या खुणा, मातीचं चाटण, हे सगळं वहीत टिपा. आणि गळून पडलेलं सांबरशिंग दिसलं तर जागेवरच राहू द्या. उगाळून लावायला म्हणून घरी आणाल तर तेही कायद्याने चालत नाही.

चालण्यापेक्षा बसणं बरं, असं मी पहिल्या वेळेला नेहमी सांगतो. मार्च-एप्रिलमध्ये पानगळ झालेली असते आणि प्रत्येक पाऊल पापडासारखं वाजतं. चालायचंच असेल तर चार पावलं टाका आणि थांबा, चांगले मिनिटभर थांबा. एकसारखी चाल फक्त माणसाची असते आणि ती रानात सगळ्यांना कळते. बसताना झाडाच्या मागे लपू नका, मागून डोकावताना तुम्ही हलता. बुंध्याला पाठ टेकून पुढे बसा. जागा निवडताना फळझाड बघा. हिवाळ्यात आवळा पडतो तिथे भेकर येतं, आवळा खातं आणि रवंथ करताना बिया टाकून देतं. आवळ्याची रोपं आईपासून लांब उगवतात त्यात त्याचा हात आहे. उन्हाळ्यात उंबर आणि जांभूळ, आणि अर्थातच पाणी.

पाहायचं कसं? अख्खं भेकर शोधू नका. अख्खं भेकर रानात कधी दिसत नाही. झाडांचे बुंधे उभे असतात. त्यांच्यात आडवी रेघ दिसली तर ती पाठ असू शकते. एखादं पान वारा नसताना हललं तर तो कान असू शकतो. तिथे दुर्बीण लावा आणि धीर धरा.

कान मात्र पहिल्याच दिवशी कामाला लावता येतात. भेकर भुंकतं. कुत्र्यासारखा एकेक कडक आवाज, काही सेकंदांच्या अंतराने, कधी कधी खूप वेळ. ते भुंकलं की गाडीवाले ‘बिबट्या!’ म्हणून धावतात. बिबट्या असेलही. पण ते माणसालाही भुंकतं, नीट न कळलेल्या कशालाही भुंकतं. वानराचा खकार आणि सांबराचा आवाज त्यात मिसळला तरच अंदाज बांधा. आणि ते तुम्हालाच भुंकत असेल तर उठून सरळ परत या. तुमच्यामुळे त्याचं चरणं थांबलेलं असतं.

रात्री गाडी घेऊन, झोताचा दिवा मारत हिंडणाऱ्यांबद्दल मला कडक बोलावंसं वाटतं. प्रकाशात डोळे चमकतात, जनावर खिळून उभं राहतं, मोबाइलवर चित्र येतं आणि त्या माणसाला वाटतं की आपण जंगल पाहिलं. धरणाच्या काठावर तंबूंची रांग आहे, शनिवार-रविवारी रात्रभर गाणी आणि दिवे. जे पाणी आपल्याला इतकं जवळ वाटतं त्या पाण्यावर त्या रात्री भेकराला उतरता येत नाही. इथले कित्येक तरुण त्या तंबूंवर पोट भरतात, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच त्यांच्याकडे मागणं करतो. काठाचा एखादा ओढा, एखादी घळ अंधारी आणि शांत ठेवा. ते तुमच्या हातात आहे. आजिवलीला वाघजाईची देवराई गावाने पिढ्यान्‌पिढ्या अशीच राखली. तिच्यात भेरली माड उभे आहेत ते कुण्या शासनाच्या आदेशाने नव्हेत. देवराईत हत्यार चालवायचं नाही हे या दरीतल्या माणसांना कायद्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं.

एक गोष्ट खास करून घरातल्या बायकामाणसांना सांगतो, कारण लाकूडफाट्याला, करवंदांना जाताना ती तुमच्याच समोर येते. झुडपाखाली एकटं पाडस दिसतं, अंगावर पांढरे ठिपके, डोळे मिटून निपचित पडलेलं. आपल्याला वाटतं, बिचारं पोरकं झालं. ते पोरकं नसतं. भेकराची मादी एकाच पिलाला जन्म देते, त्याला आडोशाला बसवून चरायला जाते आणि दूध पाजायला परत येते. हलायचं नाही, हाच पिलाचा बचाव असतो. त्याला उचलून घरी आणलं, गाईचं दूध पाजलं, की ते बहुधा वाचत नाही, आणि आई तिकडे जागा हुंगत राहते. हात लावू नका, फोटोसाठी थांबू नका, कुत्रं बरोबर असेल तर त्याला आवरा आणि वाट बदला. जखमी असेल किंवा शेजारी आई मेलेली दिसली तरच वनविभागाला कळवा.

कुत्र्यांचं मी मुद्दाम म्हटलं. वाडीवरची मोकाट कुत्री टोळीने भेकराला पळवतात, विशेषतः पिलाची आई थकलेली असते तेव्हा. आणि दुसरा वैरी फासा. मोटारसायकलच्या क्लचची तार, एक गाठ आणि झुडपाचा खुंट. लावणारा डुकरासाठी लावतो म्हणतो. तार कुणाची मान आली ते विचारत नाही. भेकर त्यात अडकतं, बिबट्या कंबरेला अडकतो, कधी आपलीच शेळी. माझं आजच्या तरुणांना सांगणं आहे की तुमच्या आजोबांची नजर तुमच्यात असेल तर ती इथे वापरा. जनावराची वाट ज्याला कळते त्याला फाशाची जागा कळते.

जायचं कसं, कुणाबरोबर, ते सांगून थांबतो. राखीव जंगलात शिरण्याआधी आपल्या वनरक्षकाला भेटा. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभाग अभयारण्यांत पाणवठ्यावरच्या मचाणावर बसायची संधी देतो, भीमाशंकरची चौकशी करा, नाव वेळेत द्यावं लागतं. आणि त्याच्याही आधी तुमच्या वाडीतल्या एखाद्या म्हाताऱ्या आजोबांकडे जा, ज्यांनी रान हाकलंय. त्यांना लाजवू नका, जुन्या शिकारींचा हिशेब मागू नका. फक्त म्हणा, ‘बाबा, भेकराची वाट दाखवा.’ ते पुढे चालतील, तुम्ही मागे चाला, आणि जे सांगतील ते त्यांच्या नावानिशी वहीत लिहा. फासा दिसला तर जागेचा फोटो घ्या, खूण लक्षात ठेवा आणि १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर लगेच कळवा. फासा लावणारा गावातलाच निघाला तरीही कळवा.