पाऊण क्विंटल ज्वारीचा टेलिफोन
(डोंबिवली येथील बैठकीत झालेले भाषण)



मी इथे डोंबिवलीत स्टेशनजवळ रिचार्जचे दुकान चालवतो. घर यवतमाळ जिल्ह्यातले, सात एकर कोरडवाहू, कापूस आणि ज्वारी. त्यामुळे फोनचा हिशेब मला रुपयांत समजत नाही, किलोत मांडावा लागतो.

३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना फोन लावला आणि देशात मोबाईल सुरू झाला. दर मिनिटाला १६ रुपयांपर्यंत. आलेला फोन उचलला तरी पैसे. त्या हंगामात ज्वारीचा आधारभाव क्विंटलला ३०० रुपये होता. म्हणजे एक मिनिट बोलायचे तर पाच किलो ज्वारी. तंत्र नवे होते हे खरे. पण सरकारने प्रत्येक विभागात दोनच खाजगी कंपन्यांना परवाना दिला होता, हेही खरे. मुंबईत बीपीएल आणि मॅक्सटच, तिसऱ्याला दार बंद. आपल्याला हे नवे नाही. १९७२ पासून महाराष्ट्रात कापसाला एकच गिऱ्हाईक होते आणि आपलाच कापूस राज्याबाहेर नेला तर आपण चोर ठरत होतो.

विभागांची आखणीही पाहा. डोंबिवलीचा घरचा फोन ०२५१, लोकलने वीस-पंचवीस मिनिटांवरचे ठाणे ०२२. मोबाईलला मात्र डोंबिवली मुंबई विभागात आणि आमचे गाव महाराष्ट्र विभागात. गावी जाताना गाडी इगतपुरीचा घाट चढली की राज्य तेच, भाषा तीच, पण रोमिंग लागू! ते २०१७ च्या सुमारास गेले.

दर उतरले ते दारे उघडली तेव्हा. २००१ मध्ये मुंबईत एमटीएनएल आली, मग चौथी कंपनी. १ मे २००३ पासून आलेला फोन फुकट झाला. २००९ मध्ये सेकंदाला एक पैसा. २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. ट्रायचे, म्हणजे नियामक प्राधिकरणाचे नियम होतेच, पण मुख्य कारण हे की माझ्यासारख्याच्या टपरीवर आठ-दहा कंपन्यांची सिमकार्डे टांगलेली असत. गिऱ्हाईक रागावले की दुसरे उचलायचे.

मग २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. २०१६ मध्ये जिओने काही महिने सारे फुकट दिले. आपणही रांगा लावल्या, मी स्वतः विकली. बाकीच्यांचा दम गेला. काही बंद पडल्या, २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. आता खाजगी तीन आणि एक सरकारी. त्या तिनांतल्या एकीत २०२५ पासून सरकारचाच जवळजवळ ४९ टक्के हिस्सा. डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१, जुलै २०२४, तिन्ही वेळा दर वाढले आणि तिघांचे काही दिवसांच्या अंतराने वाढले. ठरवून वाढवले असे मी म्हणत नाही. बाजारात तीनच अडते असले की त्यांना एकमेकांशी बोलावे लागत नाही.

२०१८ च्या अखेरीस नंबर चालू ठेवायला २८ दिवसांना ३५ रुपये पुरत. जुलै २०२४ नंतर दोन कंपन्यांचा साधा रिचार्ज १९९ झाला. बोलणे अमर्याद मिळते, इंटरनेट मिळते, खरे आहे. पण माझ्या बापाला बोलणे अमर्याद नको, मुलाचा फोन यावा एवढेच हवे. आणि महिना २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. २,५८७ रुपये. २०२४ च्या ३,३७१ या आधारभावाने ही पाऊण क्विंटलहून जास्त ज्वारी. २०१८ मध्ये ज्वारीचा आधारभाव २,४३० होता. २०२४ पर्यंत फोनचा किमान खर्च पाचपटीहून वर गेला, ज्वारी दीडपटही नाही. (आणि आधारभाव हातात पडतो कोणाच्या, ते तुम्ही जाणता.)

सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात आमच्या कापसात पाणी साचले. तेव्हाच्या नियमाने पीकविमा कंपनीला ७२ तासांत कळवायचे होते. बाबांचा रिचार्ज चार दिवसांपूर्वी संपलेला. त्यांना ते ठाऊक नाही, फोनला उजेड येतो म्हणजे चालू आहे असा त्यांचा समज. मी इथून लावतोय तर लागत नाही. चौथ्या दिवशी शेजाऱ्याच्या फोनवर गाठ पडली. दिवसभर लोकांचे रिचार्ज मारणाऱ्याच्या बापाचा फोन बंद. मुदत गेली ती गेली.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने आदेश काढला की इंटरनेट नको असेल त्याला फक्त बोलणे आणि मेसेज यांचा वेगळा रिचार्ज द्यावा, मुदत ३६५ दिवसांपर्यंत. जानेवारी २०२५ मध्ये तसे रिचार्ज आले, वर्षभराला साधारण १,८०० रुपये. कंपन्यांच्या पाट्यांवर ते ठळक दिसत नाहीत आणि कोणी मागितल्याशिवाय मीही दाखवत नव्हतो, हे कबूल करतो. मागा. पण १,८०० एकदम काढायचे तर पहिल्या वेच्याचा कापूस विकल्यावर काढा, पेरणीच्या तोंडावर जमणार नाही.

कंपनी बदलायची सोय कायद्याने आहे, पण आमच्या गावात रेंजच एकीची. तुमच्यापैकी अनेकांचे तेच असणार. सरकारी कंपनीने २७ सप्टेंबर २०२५ रोजी आपली ४जी सेवा सुरू केली; ती गावोगाव पोचली तर दुसरे दार होईल. दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे. गावाचे नाव, तालुका आणि तिथे कोणकोणत्या कंपनीची रेंज घरात येते, एवढे लिहून जा. शेतातली नको, घरातली लिहा. जिल्हावार यादी करून ट्रायला आणि सरकारी कंपनीच्या जिल्हा कार्यालयाला द्यायची आहे.