गाडीच्या पोटातील तार



धुळे-नंदुरबार सोडून लिंबायतीत आलेल्या आपल्या माणसाने कर्ज काढून टेंपो घेतला, म्हणजे तो टेंपो हेच त्याचे शेत. त्या शेताला कुंपण कितपत आहे, एवढेच मी आज सांगणार आहे.

पूर्वी गाडीतील प्रत्येक दिव्याला, प्रत्येक काट्याला स्वतंत्र तार जात असे. तारांचा भारा वाढत चालला, तेव्हा जर्मनीतील बॉश कंपनीने 1986 साली एक युक्ती जगापुढे मांडली. एकमेकींभोवती पिळलेल्या दोनच तारा घालावयाच्या आणि इंजिन, ब्रेक, दारे यांच्या छोट्या संगणकांनी त्यांवरूनच बोलावयाचे. या व्यवस्थेला ‘कॅन’ म्हणतात.

हे बोलणे गावातील दवंडीसारखे असते. निरोप सर्वांना ऐकू जातो. ज्याला हवा तो घेतो. निरोप कशाविषयी आहे ते त्यावरील अंकावरून कळते, पण दवंडी पिटणारा कोण, हे कोठेच नमूद नसते. दोघे एकदम बोलू लागले तर लहान अंकाला आधी मान. त्यामुळे महत्त्वाचा निरोप खोळंबत नाही, हे खरेच. परंतु एखाद्या उपऱ्याने सर्वांत लहान अंकाचा धोशा लावला, तर बाकीच्यांना तोंड उघडावयास सवड मिळत नाही. परका माणूस या तारेपर्यंत पोचेल, असे त्या काळी गृहीतच धरलेले नव्हते; म्हणून रचनाकारांना बोल लावणे मला योग्य वाटत नाही.

पण परका पोचला. 2015 साली अमेरिकेत मिलर व व्हालासेक या दोघा संशोधकांनी मोबाइलच्या जाळ्यातून एका जीप गाडीच्या रेडिओत शिरून, दूर घरी बसून, धावती गाडी मंदावून दाखविली. कंपनीला सुमारे 14 लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. 2022 साली लंडनमध्ये तर मोटार-सुरक्षेचेच अभ्यासक इयन टेबर यांची टोयोटा चोरीस गेली! चोर पुढच्या दिव्यामागील तारेपर्यंत पोचले होते. या रीतीत चोर तारेला एक लहानसे यंत्र जोडतात. ते ‘किल्ली खरी आहे’ अशी खोटी दवंडी देते आणि दार उघडते. काच फोडावी लागत नाही.

उपाय आहेत. रेडिओची तार आणि ब्रेकची तार वेगळी ठेवून मध्ये नाका बसविता येतो. प्रत्येक निरोपावर गुप्त शिक्का व चढता क्रमांक घालता येतो, म्हणजे जुना निरोप पुन्हा वाजविणारा पकडला जातो. संयुक्त राष्ट्रांचा आर-155 हा नियम जानेवारी 2021 पासून अमलात आला; आपल्याकडे त्याच धर्तीवर एआयएस-189 हे मानक तयार झाले.

आता आपल्यापुरते. स्टिअरिंगखालची तपासणीची खाच या तारेचा उघडा दरवाजा असतो. गाडी कोठे आहे ते सांगणाऱ्या साध्या यंत्राला वीज पुरते. ते बॅटरीवर जोडून घ्यावे. स्वस्तात मिळते म्हणून कोणतेही यंत्र त्या खाचेत कायमचे खोचून ठेवू नये. मेकॅनिकने तपासणी झाली की आपले यंत्र काढून न्यावे. जुन्या रिक्षावाल्यांनी खुशाल हसावे, त्यांच्या गाडीत ही तारच नाही. परंतु नवी गाडी घेणाऱ्याने विक्रेत्याला अवश्य विचारावे, की ही खाच थेट ब्रेकच्या तारेला जोडलेली आहे, की मध्ये नाका आहे? त्याला सांगता आले नाही, तर कंपनीकडून लेखी उत्तर मागावे.