स्टिअरिंग सोडा, खिडकी धरा

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेले व्याख्यान)



व्याख्यानाचा विषय काय छापायचा असे कार्यकर्त्यांनी विचारले, तेव्हा मी ‘बसने फिरणे’ असे सांगितले. ‘सर, बसने तर सगळेच फिरतात, त्यात व्याख्यान कसले?’ असे एक जण म्हणाला. पण खरेच सगळे फिरतात का? आपल्यापैकी बऱ्याच घरांपुढे आता चारचाकी उभी आहे आणि दुचाकी तर घरटी एक आहे. बसमध्ये आज कोण दिसते? शाळा-कॉलेजची मुले, बाजाराला निघालेल्या बायका, दवाखान्याला निघालेले म्हातारे आणि मजूर. ज्याला दुसरा इलाज नाही तो बसने जातो, असा आपला समज झाला आहे. हौसेने, मुलाबाळांना घेऊन, आपला मुलूख पाहायला बसने जावे, हे मला आज सांगायचे आहे.

आपल्या मुलांना विचारा, नळदुर्गचा किल्ला पाहिला का? ‘हायवेवरून दिसला’ असे उत्तर येते. बसवकल्याण? ‘हैदराबादला जाताना पाटी वाचली.’ आपण आपल्याच मुलखातून भरधाव जातो आणि पाहायला दूर जातो. कार आपल्याला निघाल्यापासून पोहोचेपर्यंत काचेआड ठेवते. बस मात्र फाट्याला थांबते, गावात शिरते, वळसा घेते. तिचे सीट उंच असते, त्यामुळे बांधावरच्या बाभळींच्या वरून शेत दिसते. या दिवसांत मूग निघालेला असतो, उडीद काढणीला आलेला असतो आणि तूर हिरवीगार उभी असते. कलबुर्गीला तुरीचे कोठार म्हणतात. इथल्या तूरडाळीला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते वाचून कळते, पण खिडकीत बसून दीड तास तूरच तूर पाहिली की पटते.

आपल्या भागाला बस नवी नाही. निजामाच्या रेल्वेने जून १९३२मध्ये आपली रस्ते वाहतूक शाखा सुरू केली, तेव्हा तिच्याकडे २७ बसगाड्या आणि १६६ माणसे होती. सरकारी प्रवासी बससेवेची देशातली ही पहिल्या काळातली सुरुवात. तिकडे मुंबई राज्यात एसटीची पहिली गाडी अहमदनगरहून पुण्याला गेली ती १ जून १९४८ला, म्हणजे पुढे सोळा वर्षांनी. त्या काळी गुलबर्गा, बिदर, उस्मानाबाद हे सगळे एकाच हैदराबाद राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ला भाषावार वाटणी झाली. बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा आणि अहमदपूर तालुके तिकडे गेले आणि बाकीचा बहुतेक बिदर, गुलबर्गा इकडे म्हैसूर राज्यात आला. सोयरीक मात्र वाटली गेली नाही. लेक उमरग्याला, सून मुरूमची, मामा आळंदला, दवाखाना सोलापूरला, असेच आपले चालू राहिले. आज कलबुर्गीत मुख्यालय असलेल्या कल्याण कर्नाटक महामंडळाची बस आणि पलीकडची लालपरी, या दोघींनी ही नाती जोडून ठेवली आहेत.

आता कुठे जायचे ते सांगतो. तीन वाटा सुचवतो.

पहिली अमरजेची. आपल्या आळंद तालुक्यातून वाहणारी ही नदी पुढे गाणगापूरला भीमेला मिळते. कोरहळ्ळीजवळ तिच्यावर धरण आहे. गाणगापूरला आपण सगळेच गेलो आहोत, पण बहुतेक जण गाडी लावून, पादुकांचे दर्शन घेऊन, संध्याकाळी परत. एकदा आळंदला किंवा कलबुर्गीला बस बदलून जा. बसमध्ये सोलापूरचे, लातूरचे, विजापूरचे लोक भेटतील. कोण माधुकरीला चालला, कोण नवस फेडायला. संगमावर मुलांना सांगा, यातले एक पाणी आपल्या तालुक्याचे आहे. फक्त पौर्णिमा टाळा. त्या दिवशी जादा गाड्या असूनही उभे राहावे लागते.

दुसरी वाट पलीकडची. खजुरीहून सीमा ओलांडून उमरगा गाठायचे, तिथले जुने महादेवाचे मंदिर पाहायचे आणि सोलापूरकडे जाणारी गाडी धरून नळदुर्गला उतरायचे. बोरी नदीवरच्या बंधाऱ्यातला पाणीमहाल आणि पाऊस चांगला झाला असेल तर नर-मादी धबधबे, हे पाहण्याचे दिवस हेच. नळदुर्गच्या पुढे अणदूर. तिथला खंडोबा वर्षातला मोठा काळ अणदूरला राहतो आणि काही काळ नळदुर्गला, मैलारपुरात. देवाने दोन गावांत बिऱ्हाड केले आहे आणि दोन्ही गावे ते ठरल्याप्रमाणे पाळतात. सीमेवर राहणाऱ्या आपल्या लोकांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

तिसरी वाट रेल्वेची. कलबुर्गी-बिदर हा ११० किलोमीटरचा मार्ग २९ ऑक्टोबर २०१७ला सुरू झाला. वाटेत बोगदा आहे, लाल केळ्यांसाठी नाव असलेले कमलापूर आहे आणि हुमनाबाद आहे. हुमनाबादला उतरून माणिकनगरला माणिकप्रभूंच्या समाधीचे दर्शन घ्या. तसेच पुढे गेलात तर बिदरचा किल्ला आणि महमूद गवानचा १४७२चा मदरसा आहे. जुन्या सोलापूर-वाडी मार्गाने जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. स्टेशनच्या नावात ‘रोड’ असेल तर गाव दूर असते. अक्कलकोट रोड म्हणजे अक्कलकोट नव्हे आणि गाणगापूर रोड म्हणजे गाणगापूर नव्हे. उतरल्यावर पुढची सोय आधी विचारून ठेवावी.

थोडे व्यवहाराचे बोलतो. डिप्लोमाची तीन वर्षे मी बसच्या पासवर काढली आणि आता नोकरीमुळे फिरती असते, त्यातून शिकलेले हे नियम. स्टँडवर उतरल्याबरोबर परतीची शेवटची गाडी विचारायची, दर्शन नंतर. एका दिवसात दोनच गावे करायची. मुक्कामी गाडी पहाटे निघते, तिने निघालात तर दिवस हाताशी राहतो. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, पण गाव पाहायचे असेल तर त्याच दिवशी जावे. सुट्टे पैसे आणि ओळखपत्र जवळ ठेवावे.

ओळखपत्र कशाला? ११ जून २०२३पासून कर्नाटकातल्या महिलांना राज्यातल्या साध्या गाड्यांत मोफत प्रवास आहे. पलीकडे एसटीत १७ मार्च २०२३पासून महिलांना निम्मे तिकीट आणि ऑगस्ट २०२२पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना पूर्ण सवलत आहे, मात्र त्या राज्याच्या हद्दीपर्यंत. एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ योजनाही आहे. चार किंवा सात दिवसांचा पास काढायचा आणि मनाला येईल त्या गाडीत बसायचे. मे महिन्यात कुटुंबासह सात दिवस असे फिरून पाहा.

पाट्यांचे काय, असे कुणी विचारेल. इकडच्या गाडीची पाटी कन्नडमध्ये, तिकडची मराठीत. आपल्या कितीतरी घरांत आजीला मराठी वाचता येते पण कन्नड फक्त बोलता येते आणि नातवाला शाळेमुळे कन्नड वाचता येते पण मराठी वाचताना तो अडखळतो. या दोघांना एकत्र पाठवा. इकडची पाटी नातू वाचेल, तिकडची आजी. कंडक्टरने इकडे ‘होल्डान’ म्हटले की गाडी थांबते आणि तिकडे घंटीचा एक ठोका पडला की थांबते, हे दोघेही एकाच दिवसात शिकतील. मराठी टिकवण्यासाठी आपण मंडळात वर्ग घेतो. ते घ्यावेतच. पण उमरग्याच्या स्टँडवर पाटी वाचून गाडी शोधावी लागली की जे वाचन होते, ते वर्गात होत नाही.

परदेशातले एक उदाहरण देतो, कारण आपल्यातल्या काहींची मुले तिकडे आहेत. इंग्लंडमध्ये १९६३च्या बीचिंग अहवालाने दोन हजारांहून अधिक रेल्वे स्थानके बंद करण्याची शिफारस केली आणि खेडोपाडीचे कितीतरी मार्ग गेले. पुढे उत्तरेतला सेटल-कार्लाइल हा १८७६चा डोंगरी मार्गही बंद करायचे घाटत होते. लोकांनी हजारो हरकती नोंदवल्या. त्यात एका कुत्र्याच्या पंजाचा ठसाही हरकत म्हणून धरला गेला. गार्सडेल स्थानकावर त्या कुत्र्याचा पुतळा आहे. पण नुसत्या सह्यांवर भागले नाही. लोक त्या गाडीतून मुद्दाम प्रवास करू लागले, प्रवासी वाढले आणि १९८९मध्ये मार्ग वाचला. आज लोक तिथे हौसेने फिरायला जातात, मोटारी घरी ठेवून.

आपल्याकडे हाच हिशेब आहे. एसटीच्या भाषेत त्याला भारमान म्हणतात. गाडीत माणसे किती आणि उत्पन्न किती, ते डेपोत पाहिले जाते. भारमान घसरले की फेरी कमी होते. फेरी कमी झाली की उरलेले प्रवासी वडाप धरतात, मग आणखी एक फेरी जाते. ज्याच्याकडे गाडी आहे त्याला ते कळतही नाही. कळते ते संध्याकाळच्या गाडीने कॉलेजहून परतणाऱ्या मुलीला. फेरी बंद झाली की पुष्कळदा तिचे शिक्षणच बंद होते. आपण महिन्यातून एकदा हौसेने तिकीट काढले, तर तिच्या गाडीचे भारमान तेवढे वाढते.

आणखी एक बोलले पाहिजे. डिसेंबर २०२२मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५मध्ये तणावामुळे दोन राज्यांमधल्या गाड्या काही काळ थांबल्या. मोठ्या शहरात ती बातमी असते. आपल्याकडे त्याचा अर्थ माहेरी जाणे अडले, दवाखाना लांबला, लग्नाचा बस्ता राहिला असा होतो. वादाचा निकाल लागेल तेव्हा लागेल, तो आपल्या हातात नाही. पण दोन्हीकडच्या गाड्यांत दोन्हीकडची माणसे बसलेली असली, कंडक्टरला तोंडओळखीची असली, तर गाडीवर दगड उचलणारा हात थोडा तरी थबकेल. ती ओळख टिकवणे आपल्याला जमण्यासारखे आहे.

म्हणून मंडळाला माझी एक सूचना आहे. दिवाळीच्या सुटीत मंडळाची सहल काढा, पण खासगी गाडी ठरवू नका. पहाटे थांब्यावर जमू, येईल त्या गाडीने जाऊ, तिकीट काढू आणि परतीची शेवटची गाडी विचारून फिरू. पहिली सहल नळदुर्गची ठेवू. मी यायला तयार आहे. नावे कार्यवाहांकडे द्यावीत. आणि आजी-नातवांची जोडी असेल तर खिडकीची जागा त्यांना.

गणपती बाप्पा मोरया!