देवळामागचा आखाडा आणि आपली मुले

(चिखला येथे श्री हनुमान मंदिराच्या जीर्णोद्धार समारंभात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंदिराचे काम पुरे झाले. कोणी रोख दिले, कोणी धानाचे पोते दिले, आणि ज्यांच्याजवळ दोन्ही नव्हते त्यांनी खाणीतली पाळी संपवून येऊन विटा वाहिल्या. पावतीपुस्तकात त्यांचे नाव नसेल, पण भिंतीला ते ठाऊक आहे.

आता प्रश्न उरला आहे तो देवळामागच्या मोकळ्या जागेचा. काही मंडळींचे म्हणणे असे की तिथे फरशी घालून मंडप उभारावा, लग्नकार्याला भाड्याने द्यावा, म्हणजे देवाला कायमचे उत्पन्न होईल. काहींचे म्हणणे, तिथे मुलांसाठी आखाडा असावा. समितीने मला या विषयावर बोलावयास सांगितले. निर्णय गावाने करावयाचा आहे. परंतु मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आखाड्याविरुद्ध जो मुख्य आक्षेप आहे तो आयाबायांचा आहे, आणि तो खोटा नाही. त्या म्हणतात, "पोट्टे आधीच दांडगे, त्यात डावपेच शिकवले तर रोज कोणाचे तरी डोके फुटेल." यावर अमेरिकेत एक प्रयोग झालेला आहे. १९८६ साली ट्रल्सन नावाच्या संशोधकाने तो प्रसिद्ध केला. गुन्हेगारीकडे झुकलेली तेरा ते सतरा वर्षांची मुले घेतली आणि त्यांचे तीन गट केले. एका गटाला तायक्वांदो ही कोरियन विद्या जुन्या पद्धतीने शिकविली, म्हणजे गुरूला नमस्कार, मन शांत करणे, संयम आणि आदर यांच्यासह. दुसऱ्या गटाला नुसती मारामारीची अंगे शिकविली. तिसऱ्याला धावणे आणि चेंडूचे खेळ दिले. सहा महिन्यांनी पाहिले तर पहिल्या गटातील मुले निवळली होती आणि दुसऱ्या गटातील अधिक आक्रमक झाली होती. प्रयोग लहान होता, त्यावर वेद रचू नये. पण आयाबायांचे म्हणणे आणि आमचे म्हणणे, दोन्ही त्यात खरे ठरते. आखाडा मुलाला घडवतोही आणि बिघडवतोही. कोणता आखाडा, एवढाच प्रश्न आहे.

जपानात जिगोरो कानो नावाचे एक शिक्षक होऊन गेले. शरीराने किरकोळ. शाळेत दांडगी मुले त्यांना छळीत, म्हणून ते जुनी जुजुत्सू विद्या शिकले. पुढे त्यातले जीवघेणे प्रकार सरावातून बाजूला काढून १८८२ साली त्यांनी ज्यूदो सुरू केला. कोठे, तर टोकियोतील एका बौद्ध मंदिरात, अवघ्या बारा चटयांच्या जागेत! आपटण्याने जमिनीखालची लाकडे मोडत, तेव्हा कानो स्वतः खाली उतरून ती दुरुस्त करीत. देवळात आपटाआपटी म्हणून तिथल्या भिक्षूंनाही त्रास झालाच असणार. पण त्याच देवळातून निघालेली विद्या १९६४ साली ऑलिंपिकमध्ये गेली. कानो पुढे टोकियोच्या मोठ्या अध्यापक विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले. त्यांच्या दृष्टीने ज्यूदो हा शिक्षणाचाच भाग होता.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. मारुती आणि आखाडा ही जोडी समर्थांच्या काळापासून महाराष्ट्राला माहीत आहे. आपल्या विदर्भातच पाहा. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली व्यायामशाळा काढली, तिच्या नावातच हनुमान आहे: श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. तिथली मंडळी १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी व्यायामप्रकार दाखवून आली.

कुस्तीत मूल नेमके काय शिकते? पहिली गोष्ट, पडणे. पाठ टेकली की हरलो, आणि तेही साऱ्या गावासमोर. परीक्षेत नापास झालेला मुलगा गुणपत्रिका दडवू शकतो, चितपट झालेला पाठीची माती दडवू शकत नाही. तो उठतो, जिंकणाऱ्याच्या हाताला हात लावतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. दुसरी गोष्ट जोडीदाराची. सरावासाठी समोरचा आपले अंग आपल्या हवाली करतो. त्याचा हात मोडला तर उद्या डाव कोणावर करणार? म्हणून जोर असूनही तो आवरून वापरावा लागतो. हे उपदेशाने होत नाही, रोजच्या धरपकडीत अंगात मुरते. आणि तिसरे म्हणजे नेम. पहाटे उठून जोर-बैठका काढायच्या. रोवणीच्या दिवसांत खाडा पडणारच, तेवढा वस्तादाने समजून घ्यावा.

खाशाबा जाधवांचे नाव आपण ऐकले आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे. वडील पैलवान, तेच पहिले वस्ताद. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले. मातीत खेळलेला गडी, गादीची सवय नव्हती. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यास पैसे नव्हते. गावाने वर्गणी केली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ही गोष्ट सारे सांगतात. मला त्यापुढची अधिक महत्त्वाची वाटते. परत आल्यावर त्यांनी कुस्त्या भरवल्या, स्वतः लढले, आणि त्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडविले. येथे बसलेल्या देणगीदारांना याचे मोल मी वेगळे सांगण्याची गरज नाही.

आणखी एक नाव घेतो, कारण त्यावाचून हा विषय अपुरा राहील. पुण्याचे वस्ताद लहुजी साळवे. मांग समाजात जन्मलेले, दांडपट्टा, कुस्ती, नेमबाजी यांत निष्णात. त्यांच्या तालमीत जोतीराव फुले शिकावयास जात. पुढे फुल्यांनी शाळा काढल्या, लोक अंगावर आले, तेव्हा लहुजी पाठीशी उभे राहिले. त्यांच्याच घराण्यातील मुक्ता साळवे ही मुलगी त्या शाळेत शिकली. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. म्हणून माझी पहिली अट अशी की देवळामागच्या हौद्यात उतरताना कोणाची जात विचारली जाऊ नये. माती एकदा अंगाला लागली की सगळे एका रंगाचे दिसतात. ज्याला हे मान्य नसेल त्याने खुशाल मंडपाच्या बाजूने मत द्यावे.

दुसरी अट मुलींची. काही वडीलधाऱ्यांना हे रुचणार नाही. पण साक्षी मलिकने २०१६ साली रिओला कांस्यपदक घेतले, आणि २०२३ साली सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. आपल्या मुली तुमसरला शाळा-कॉलेजात जातात, सायंकाळी अंधारात परततात. त्यांना वेगळी वेळ द्यावी, शिकविण्यास बाई मिळाली तर उत्तमच, नाही तर दोन आयांनी तिथे बसावे.

आता मातीविषयी, आणि हे लक्षपूर्वक ऐका. आपले गाव मँगनीजचे. घराच्या ओट्यावरसुद्धा काळी धूळ बसते. हौद्यासाठी माती म्हणून खाणीच्या ढिगाऱ्यावरची ट्रॉली फुकट मिळेल, ती अजिबात घेऊ नये. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेली तर मज्जातंतूंना अपाय होतो, आणि कुस्तीत तर तोंड मातीतच असते. बावनथडीकडची स्वच्छ माती आणावी, चाळावी, त्यात ताक, तेल, हळद, कापूर, कडुलिंबाचा पाला घालून मुरवावी. रोज उकरावी, नाही तर ती दगड होते आणि हाडे मोडतात. खर्च फरशीच्या मानाने किरकोळ आहे.

खरा खर्च वस्तादाचा. वस्ताद व्यसनी असेल तर आखाडा नकोच, मंडपच करा. संतापाने मुलाला मारणारा नको, लहानांना मोठ्यांच्या अंगावर सोडणारा नको, वजन उतरवण्यासाठी उपाशी ठेवणारा तर मुळीच नको. डबाबंद पावडरींचे वेड आजकाल तुमसरपर्यंत येऊन पोचले आहे. मुलांना दूध, चणे, अंडी, घरचा भात-वरण पुरे. आणि शाळा बुडवून आखाडा नाही. पहाटे एक तास आणि सायंकाळी प्रार्थनेच्या आधी एक तास, एवढेच.

मंडपाच्या उत्पन्नाचे काय, असे कोषाध्यक्ष विचारतील. मंडप समोरच्या बाजूला होऊ शकतो, जागा मी पावलांनी मोजून आलो आहे. मागे वीस पावले लांब, वीस पावले रुंद एवढीच जागा मातीसाठी सुटली तरी पुरेल. पोळ्याच्या आत हौदा भरला तर मंडईच्या वेळेपर्यंत मुलांना दोन-चार डाव येतील. माती आणण्यासाठी दोघा शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर देण्याचे कबूल केले आहे. डिझेलचे पैसे कोणी द्यावयाचे ते अध्यक्षांनी आजच ठरवून टाकावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय बजरंग! जय हिंद!