मतं कोणी मोजली?

1992 साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. थोरले जॉर्ज बुश, बिल क्लिंटन आणि दोघांच्या मधे शिरलेले अब्जाधीश रॉस पेरो अशी ती तिरंगी लढत होती. त्याच वर्षी विस्कॉन्सिन राज्यातल्या ओ क्लेअर या गावी एका हायस्कुलातही एक निवडणूक झाली. तिथल्या शाळांमध्ये वार्षिक स्नेहसोहळ्यासाठी मुलं आपल्यातलीच एक ‘राणी’ मतदानानं निवडतात. त्या वर्षी सर्वाधिक मतं पडली ती एका गरोदर विद्यार्थिनीला. शाळेतल्या मोठ्या माणसांनी नाव जाहीर केलं दुसऱ्याच मुलीचं, आणि मतपत्रिका जाळून टाकल्या.

टॉम पेरोटा या लेखकाच्या डोक्यात या दोन्ही निवडणुका एकत्र आल्या आणि ‘इलेक्शन’ ही कादंबरी तयार झाली. तिला प्रकाशक मिळण्याआधी चित्रपटवालेच भेटले. पुस्तक 1998 साली निघालं आणि पुढच्याच वर्षी अलेक्झांडर पेनचा चित्रपट पडद्यावर आला. कादंबरी न्यू जर्सीत घडते. पेननं ती उचलून आपल्या ओमाहा या गावी नेली.

अमेरिकेतलं हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. आपल्याकडे ‘नववी ब’ म्हटलं की वर्षभराची खोली, बाक आणि शेजारी ठरून जातो. तिथं तसं नसतं. खोली शिक्षकाची असते आणि मुलं दर तासाला दप्तर उचलून नव्या खोलीत जातात. त्यामुळे कोण कोणाचं, हे वर्गात ठरत नाही. ते ठरतं जेवणाच्या सुट्टीत, कॅन्टीनमधल्या टेबलांवर. खेळाडूंचं टेबल वेगळं, हुशारांचं वेगळं, आणि ज्यांना कोणीच बोलावत नाही त्यांचंही एक. शिवाय विद्यार्थी-मंडळाच्या निवडणुका असतात, पोस्टरं लागतात, सभागृहात भाषणं होतात. सत्ता, प्रचार, जात-पात म्हणावी अशी उतरंड, सगळं एका इमारतीत सापडतं. उपहास लिहिणाऱ्याला आणखी काय हवं!

‘इलेक्शन’मधले मॅकॲलिस्टर सर नागरिकशास्त्र शिकवतात. नीती कशाला म्हणायचं, यावर वर्गात चर्चा घडवून आणतात. ट्रेसी फ्लिक ही कष्टाळू, महत्त्वाकांक्षी, सतत हात वर करणारी मुलगी अध्यक्षपदाला एकटीच उभी आहे. सरांना ती डोळ्यांसमोर नको असते. म्हणून ते पाय मोडून बसलेल्या पॉल या लाडक्या फुटबॉलपटूला चढवतात आणि तिच्याविरुद्ध उभं करतात. मग पॉलची धाकटी बहीण टॅमी उभी राहते. ही निवडणूकच निरर्थक आहे, असं ती भर सभेत सांगते आणि सगळं सभागृह टाळ्यांनी दणाणतं. पुढे पोस्टरं फाडल्याचा आरोप ती स्वतःवर ओढवून घेते. फाडलेली असतात ट्रेसीनं. टॅमीचं नाव बाद होतं.

मतमोजणीत ट्रेसी एका मतानं जिंकते. गंमत अशी की पॉलनं स्वतःलाच मत देणं बरं दिसत नाही म्हणून आपलं मत ट्रेसीला दिलेलं असतं. सर ट्रेसीच्या दोन मतपत्रिका चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकतात आणि पॉल विजयी होतो. पण शाळेचा सफाई कामगार त्या शोधून काढतो. सरांनी मागे खरकटं सांडून ठेवलेलं त्यानं पाहिलेलं असतं, आणि तो ते विसरलेला नसतो. नागरिकशास्त्राच्या शिक्षकाला पकडून दिलं ते त्या शिक्षकानं कधी माणसात न धरलेल्या माणसानं.

उपहास आणि टवाळी यांतला फरक इथं कळतो. मुलांच्या उथळपणाला हसणं फार सोपं. गल्लीतला कुठलाही काका ते करतो. हायस्कूलवरचा चांगला उपहास मुलांच्या आडून मोठ्यांवर नेम धरतो.

‘इलेक्शन’च्या आधी दहा वर्षं, 1989 साली, ‘हेदर्स’ हा चित्रपट आला होता. त्या दशकात जॉन ह्यूज या दिग्दर्शकाच्या ‘ब्रेकफास्ट क्लब’सारख्या चित्रपटांनी हायस्कूलच्या मुलांचं दुःख मायेनं दाखवलं होतं. ‘हेदर्स’चा पटकथाकार डॅनियल वॉटर्स मात्र पार कडू औषध घेऊन आला. हेदर नावाच्या तीन मुली शाळेवर राज्य करतात. त्यातल्या एकीचा खून होतो आणि दुसऱ्याचं हस्ताक्षर हुबेहूब काढणारी नायिका आत्महत्येची खोटी चिठ्ठी लिहिते. मग मोठ्यांचा कारभार सुरू होतो. सुट्टी नेमकी किती द्यायची यावर शिक्षकांच्या बैठकीत घासाघीस चालते. एक बाई मुलांना हातात हात गुंफायला लावतात आणि ते टिपायला चक्क टीव्हीचे कॅमेरे शाळेत आणतात. मुलगी कशानं खचली असेल, हे जिवंतपणी कोणी विचारलं नव्हतं. मेल्यावर तिच्या नावानं कार्यक्रम होतात. चित्रपट तिकीटबारीवर साफ पडला, पण व्हिडिओ कॅसेटवर घरोघर पोचला.

डॅनियलचा भाऊ मार्क वॉटर्स यानं 2004 साली ‘मीन गर्ल्स’ दिग्दर्शित केला. पटकथा टीना फे हिची, आधार रोझलिंड वाइजमन यांच्या 2002 सालच्या पुस्तकाचा. ते पुस्तक कादंबरी नव्हे. मुलींच्या आपापसातल्या छळवादाबद्दल पालकांसाठी लिहिलेलं मार्गदर्शन आहे. फे हिनं त्यातून गोष्ट रचली. प्राणिशास्त्रज्ञ आईबापांबरोबर आफ्रिकेत वाढलेली केडी पहिल्यांदाच शाळेत येते आणि मुलामुलींचे कळप पाहून तिला पाणवठ्यावरचे प्राणी आठवतात. गणितात पक्की असलेली ही मुलगी एका मुलाचं लक्ष वेधायला मुद्दाम गणितं चुकवते. चित्रपटातला सर्वांत बोचरा विनोद हाच. आणि शाळेच्या ‘राणी’ची आई? ती मुलीची आई व्हायचं सोडून तिची मैत्रीण व्हायला धडपडते.

या चित्रपटातही एक मोजणी आहे. मुलींना व्यायामशाळेत जमवलं जातं आणि गणिताच्या बाई त्यांच्याशी बोलतात. तुमच्या पाठीमागे कोणी वाईट बोललंय का, असं विचारल्यावर सगळ्यांचे हात वर होतात. तुम्ही कोणाबद्दल बोललात का, असं विचारल्यावरही सगळेच हात वर होतात. ही बाईंची भूमिका टीना फे हिनं स्वतः केली आहे.

अशा उपहासाला वास्तव कधी कधी मागे टाकतं. 20 एप्रिल 1999 रोजी कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कुलात दोन विद्यार्थ्यांनी 12 विद्यार्थी आणि एका शिक्षकाला ठार मारलं. ‘इलेक्शन’ त्यानंतर तीनच दिवसांनी प्रदर्शित झाला. ‘हेदर्स’मध्ये तर शाळा बॉम्बनं उडवण्याचा बेत आहे, कोलंबाइननंतर तो पाहताना पूर्वीसारखं हसता येईना. 2018 साली ‘हेदर्स’वर टीव्ही मालिका तयार झाली. पण फ्लोरिडातल्या पार्कलँडच्या शाळेत गोळीबार झाला आणि वाहिनीनं तिचं प्रक्षेपण लांबणीवर टाकलं.

‘इलेक्शन’च्या बाबतीत दुसरंच घडलं. कित्येक वर्षं प्रेक्षकांना मॅकॲलिस्टर सर बिचारे वाटले आणि ट्रेसी आगाऊ. पुढे हिलरी क्लिंटन यांना हिणवायलाही तिचं नाव वापरलं गेलं. वास्तविक याच गोष्टीत सरांच्या एका शिक्षक-मित्रानं या अल्पवयीन मुलीशी संबंध ठेवले आहेत आणि त्याची नोकरी गेली आहे. सरांच्या रागाचं मूळ बरंचसं तिथं आहे. अलीकडच्या वर्षांत, बायका अशा अनुभवांबद्दल उघड बोलू लागल्यावर, समीक्षकांनी चित्रपट पुन्हा पाहिला आणि आपण कोणाच्या बाजूनं हसत होतो ते त्यांच्या लक्षात आलं. पेरोटानं 2022 साली ट्रेसीवर दुसरी कादंबरी लिहिली. तीत ती न्यू जर्सीतल्या एका हायस्कुलात उपमुख्याध्यापिका आहे.

‘मीन गर्ल्स’ तेराच्या पुढच्या मुलांनी खुशाल बघावा. ‘हेदर्स’ आणि ‘इलेक्शन’ यांच्यासाठी अमेरिकेत नियम असा आहे, की सतराच्या आतल्या मुलाला सोबत पालक किंवा मोठं माणूस असल्याशिवाय थिएटरात प्रवेश नाही. नियम मुलांच्या काळजीपोटी केलेला आहे. पण हे चित्रपट बघण्याची जास्त गरज त्या सोबत येणाऱ्या मोठ्या माणसालाच आहे.